एकाच रविवारची दोन उत्तरं

सोमवार, २ मार्च

चि. ढब्बू यास मावशीचे आशीर्वाद.

आज सकाळी सात वाजता दूध आणायला निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर तुझा चेहरा चिकटवलेला पाहिला, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. नाहीतर दर पंधरा तारखेचा आपला नेम मी मोडला नसता.

चित्र चांगले दोन हात उंच आहे. तुझ्या डोक्यावर हेल्मेट, डाव्या हातात ढाल, आणि उजवा हात एका म्हाताऱ्या बाईच्या दंडावर. बाई पुढे झुकलेली आहे. मागे गर्दी. खाली लिहिले आहे, "हाच तो आधार. ५ एप्रिलला 'हो' म्हणा." शहरांच्या रस्त्यांवर लष्कर आणखी एक वर्ष ठेवावे काय, या सार्वमतातला तो 'हो'. औषधाच्या दुकानदाराची मंडळी पहाटे शिडी घेऊन आली होती म्हणे. मला कोणी विचारले नाही. तुला विचारले होते का?

तू रेडिओ दुरुस्त करायला सैन्यात गेलास अशी माझी समजूत होती. हातात ढाल कधी आली?

आता मुद्द्याचे. दाखल होताना तू फॉर्म भरलास, त्यानुसार तुझे मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे. पाच तारखेला मी केंद्रावर जाऊन आधी माझे मत देईन, मग तुझ्या नावाची वेगळी मतपत्रिका घेऊन तीवर तू सांगशील तिथे खूण करीन. तुला माहीत आहे, आपल्या घरात कोणी कोणाला मत विचारत नाही. तुझी आई आणि मी एकाच रिक्षातून मतदानाला जायचो, पण आयुष्यात एकदाही तिला विचारले नाही. तो नियम या वेळी मोडावा लागेल. मी तुझ्या मताची हमाल आहे, मालक नाही. 'हो' की 'नाही', एवढा एक शब्द कळव.

तब्येत सांभाळ.

मावशी

*

बुधवार (तारीख आणि ठिकाण लिहायची परवानगी नाही)

ती. मावशीस सा. न.

आधी एक विनंती. पाकिटावर 'ढब्बू' लिहू नकोस. आमची जाणारी-येणारी सगळी पत्रं तपासनीस वाचतात. त्यांनी तुझं पाकीट उंच धरून विचारलं, "यातले ढब्बू कोण?" काल सकाळच्या हजेरीला माझं खरं नाव पुकारलंच नाही, 'ढब्बू' पुकारलं, आणि मी 'हजर' म्हणतो का याची सगळे वाट बघत राहिले. आता या जन्मी सुटका नाही.

फोटोचं मला काही माहीत नाही. इथे फोन जमा करून घेतलेत, वर्तमानपत्र चार दिवसांनी येतं. मी त्यात बरा दिसतोय का? म्हाताऱ्या बाईबद्दल लिहिता येणार नाही. ड्यूटीवरचं काही लिहायचं नाही, असा कडक हुकूम आहे. ▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇ हे असं होतं, बघ.

हो, मी रेडिओचाच माणूस. पण चौक मोठे आणि माणसं कमी, म्हणून आचारी, सुतार आणि रेडिओवाले सगळे रस्त्यावर. कोणी फुलं देतं, कोणी थुंकतं. खरं सांगू? फुलं देणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. थुंकणारा निदान थुंकून पुढे जातो. फुलं देणारा उभा राहून बघत बसतो, आता हा आपल्यासाठी काय करेल म्हणून.

मताचं तुला योग्य वाटेल ते कर. तू माझ्यापेक्षा जास्त वाचतेस.

तुझा (नाव लिहायची सोय राहिली नाही)

*

सोमवार, १६ मार्च

चि. भाच्यास आशीर्वाद.

पाकिटावर नाव बदलले आहे. तपासनीसांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की तुझे पत्र मी एक्स-रे बघायच्या माझ्या जुन्या लाइट-बॉक्सवर धरून पाहिले. निवृत्त होताना इस्पितळाने तो मला दिला, कारण नाहीतर ते भंगारातच टाकणार होते. शाई उत्तम प्रतीची आहे. काही दिसले नाही.

"योग्य वाटेल ते कर" ही सूचना होत नाही. असे उत्तर मला विभागात कोणी दिले असते तर त्याला मी परत पाठवले असते. योग्य काय ते मला माझ्यापुरते वाटते. तुझ्यापुरते तुला वाटले पाहिजे.

भिंतीवर आता दोन चित्रे आहेत. तीच दोन्ही, तूच दोन्हीकडे. शुक्रवारी कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या मंडळींनी शेजारी तसेच चित्र लावले. खाली लिहिले, "हाच तो धक्का. ५ एप्रिलला 'नाही' म्हणा." लोक येता-जाता थांबतात, एकाकडे बघतात, मग दुसरीकडे, आणि मग माझ्या खिडकीकडे.

काल दुकानदार आणि प्राध्यापक एकाच वेळी दारात आले. दोघांना एकाच सोफ्यावर बसवले, दुसरा आहे कुठे?

दुकानदार म्हणाला, "बाई, तुमच्या घरात दोन मतं. दोन्ही आमची समजतो."

"समजा. समजायला कोणाची परवानगी लागते?"

प्राध्यापक म्हणाले, "तुम्ही फक्त एवढं जाहीर करा, की खुद्द सैनिकसुद्धा 'नाही' म्हणतोय."

"त्याने म्हटलेलं नाही."

"पण म्हणेलच ना?"

"म्हणजे तुम्हा दोघांना त्याचं तोंड हवंय," मी म्हणाले, "फक्त आतली जीभ आपापली." चहा न देता दोघांना वाटेला लावले. खाली जाताना जिन्यात त्यांची आपसात जुंपली, ते ऐकायला मजा आली.

वरच्या मजल्यावरच्या शिंप्याचे मात्र हसण्यावारी नेता येत नाही. त्याची मुलगी तुझ्याच शहरात शिकते, हे मला माहीत होते. तुझ्या चित्रात मागे जी गर्दी दिसते, त्याच मोर्चात ती होती आणि हाताला प्लास्टर घालून घरी आली आहे, हे मला दूधवाल्याकडून कळले. तुझा पहिला गणवेश ज्याने कमरेत आवळून दिला, तो माणूस जिन्यात मला पाहून भिंतीकडे तोंड करतो.

म्हणून विचारते, हुकूम काहीही असो. बत्तीस वर्षे मी माणसांच्या हाडांची चित्रे काढली. एका बाजूने काढलेल्या फिल्मवरून काही ठरवू नये, हा आमचा पहिला नियम. तुझे चित्र एकाच बाजूचे आहे. त्यात तुझी चार बोटे दिसतात, अंगठा दिसत नाही. अंगठा बाईच्या दंडाखाली असेल तर तू तिला धरलेस. नसेल तर ढकललेस. अंगठा कुठे होता?

मावशी

*

गुरुवार

मावशी,

हे पत्र तपासनीसांकडून आलेलं नाही. माझा मित्र दाढेचं ऑपरेशन करून घ्यायला तुझ्या बाजूला येतोय, त्याच्या बुटात घालून पाठवतोय. वास आला तर माफ कर.

अंगठ्याचं मला आठवत नाही. रोज आठवून बघतो. रात्रपाळीनंतर आरशासमोर उभा राहून स्वतःचाच दंड धरून बघितला, शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, वेडा झालास का.

झालं ते असं. बारा वाजेपर्यंत रस्ता मोकळा करायचा, असा हुकूम होता. आम्ही रांगेने पुढे सरकत होतो. ती आजी हलेना. मी म्हणालो, "आजी, चला." ती म्हणाली, "माझं घर याच बाजूला आहे, कुठं चला?" मी हात लावला. जोरात नाही. पण लावला तो हलवण्यासाठीच, हे मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मग ती पुढे गेली, अशी गेली की पडणारच, आणि मी धरलं. यातल्या कुठल्या क्षणाचा फोटो आहे ते मला माहीत नाही. माझ्या मते मी ढकललं. ती पडली नाही, एवढंच.

आता मत. छावणीत मतपेटी आहे, इथे राहूनही मत देता आलं असतं. पण पेटीच्या शेजारी साहेबांची खुर्ची असते, मागच्या वेळी पडदा नव्हता. साहेब वाईट नाहीत. ते फक्त तिथे बसतात. म्हणून मी मुखत्यारपत्र तुझ्याकडेच राहू दिलं.

आमच्या बराकीत आता जेवायला दोन बाकं झाली आहेत. एका बाकावर 'हो' म्हणणारे, दुसऱ्यावर 'नाही' म्हणणारे. मी ताट घेऊन मधे उभा राहतो. 'नाही' जिंकलं तर मी रेडिओकडे परत जाईन, सुटेन. पण परवा चौकातला पाववाला म्हणाला, तुम्ही गेलात की माझं दुकान दुसऱ्या दिवशी जाळतील. आणि तो खोटं बोलत नाही, एकदा जाळलंय. 'हो' जिंकलं तर मी आणखी एक वर्ष म्हाताऱ्या बायकांना त्यांच्याच घरापासून बाजूला करत उभा राहणार. मी सुटावं म्हणून 'नाही' म्हणणं हे मत झालं का? की पळणं झालं?

तूच ठरव ना. लहानपणी माझ्या शाळेचे विषय तूच ठरवलेस.

*

बुधवार, २५ मार्च

चि. भाच्यास आशीर्वाद.

दाढ दुखणाऱ्या तुझ्या मित्राची भेट झाली. त्याच्या गालाला चांगलीच सूज होती. त्याने जे सांगितले ते सगळे ऐकले. ऐकायला नको होते, नियम नियम असतो. पण ऐकले, आणि तेही दोनदा.

तुझ्या शाळेचे विषय मी ठरवले, ही चूकच झाली. तुला चित्रकला हवी होती. आता पुन्हा तसे होणार नाही.

सार्वमत कशासाठी घेतात? माझ्यासारख्या सोफ्यावर बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना काय वाटते, ते सरकारला कळणारच आहे. चौकात उभ्या असलेल्याला काय वाटते, ते फक्त तुझ्या कागदावरून कळेल. तो कागदही मीच भरला तर ते माझेच मत दोनदा मोजतील, आणि मी लबाड ठरेन. सुटावे म्हणून दिलेले मत हे मत आहे का, असे तू कोणाला विचारलेस, तर माझे उत्तर: माहीत नाही. मी दोन दिवस विचार केला. पूर्वी मला गोष्टी लवकर कळत. हल्ली दोन्ही बाजूंचे वाचते आणि दोन्ही पटतात. मग स्वतःचाच राग येतो.

एक शब्द. उलट टपाली. बाकी काही लिहू नकोस, म्हणजे शाई वाया जाणार नाही.

मावशी

*

रविवार

मावशी,

हो.

पाववाल्याचा विचार केला. मी सुटणं हे महत्त्वाचं नाही. ▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇ हेच धर.

*

रविवार

मावशी,

नाही.

मला पुन्हा कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही. बाकी लोक काय म्हणायचं ते म्हणोत. ▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇▇ हेच धर.

*

शनिवार, ४ एप्रिल

चि. भाच्यास आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या छावणीच्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसून लिहीत आहे. दुपारचा एक वाजला आहे. भेट मिळणार नाही असे सांगण्यात आले. हरकत नाही.

तुझी दोन पत्रे गुरुवारी एकाच टपालात आली. दोन्हींवर 'रविवार'. एकात 'हो', एकात 'नाही', आणि दोन्हींत "हेच धर". दोन्ही लाइट-बॉक्सवर ठेवली. अक्षर बघितले. हात कुठे जास्त थरथरला ते बघितले. कागदाच्या घड्या मोजल्या. शेवटी मला स्वतःचीच लाज वाटली. भाच्याच्या मनात काय आहे, हे मी कागदाच्या घड्यांवरून काढत होते.

शुक्रवारी दहा वाजता निवडणूक कार्यालय गाठले. खिडकीतला कारकून म्हणाला, "दोनपैकी एक धरा ना बाई, कुणाला कळणार आहे?"

"मला."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"मुखत्यारपत्र रद्द करायचंय. आदल्या शुक्रवारी पाचपर्यंत रद्द केलं तर सैनिकाला आपल्या छावणीत मत देता येतं, असं तुमच्याच पुस्तकात आहे."

"तसं आजवर कोणी केलं नाही."

"मग पुस्तकात कशाला छापलं?"

साडेचार वाजता शिक्का बसला. छावणीच्या यादीत घालायला तुझे नाव तारेने कळवले, माझ्या समोर.

तिथून घरी आले आणि सरळ वरच्या मजल्यावर गेले. हे महिन्यापूर्वी करायला हवे होते. जिन्यात तोंड फिरवणारा तो होता, पण दार न वाजवणारी मी होते. शिंप्याने दार उघडले. मी म्हणाले, "तुमच्या मुलीशी बोलायचंय. नको असेल तर जाते." मुलगी आतून म्हणाली, "येऊ द्या त्यांना."

मी तिला तुझ्याबद्दल काही विचारण्याआधी तिच्या मनगटाच्या फिल्म मागितल्या. सवय. दोन होत्या. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये हाड शाबूत. बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये मोड स्पष्ट. पुढे पडताना माणूस तळहात टेकतो, तेव्हा होते तशी.

"पुढे पडलीस?"

"हो."

"कोणावर?"

ती प्लास्टर कुरतडू लागली. मग म्हणाली, "आजीवर. त्या भिंतीवरच्या आजीवर. मागून लोंढा आला आणि मी तिच्या पाठीवर आदळले. तिला मी ढकललं, मावशी. सगळे म्हणतात सैनिकाने. इथल्या प्राध्यापकांनी तसं छापलंसुद्धा. मी काही बोलले नाही."

शिंपी मशीनवरून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"आणि सैनिकाचा हात?"

"हात होता. माझ्याआधी होता की नंतर आला, ते नाही सांगता येत. मी तर खाली बघत होते."

म्हणजे तू म्हणतोस मी ढकलले, ती म्हणते मी ढकलले. आणि भिंतीवर चित्रे लावणारे सगळे, ज्यांनी कोणालाच हात लावला नाही, त्यांना मात्र नक्की माहीत आहे. पूर्वी दोन बाजूंनी फिल्म काढली की मला कळायचे. या वेळी नाही कळले. पण तुला मत द्यायचे आहे आणि तुझ्याकडे एकच बाजू आहे, ते बरे नाही. म्हणून तिने डाव्या हाताने लिहून दिले आहे, दोन पाने. ती पाने मी उद्या स्वतःच छावणीत पोचवणार हे ऐकून शिंपी निघताना म्हणाला, "बाई, उद्याच्या पहिल्या बसला गर्दी असते. मी जाऊन जागा धरतो." धरली.

फाटकावर तुझे तपासनीस भेटले. किडकिडीत माणूस, बोटे काळी.

"तुम्ही मावशी?"

"हो. तुम्ही शाई?"

तो हसला, मग हसल्याबद्दल ओशाळला. मी त्याच्यापुढे दोन्ही रविवार ठेवले आणि विचारले, यांत काय खोडलंत? त्याने कागद उजेडात धरले, जसे मी धरले होते. म्हणाला, "रोज तीनशे पत्रं वाचतो, बाई. पण इतकं थोडंच खोडलंय म्हणजे वेळ लिहिली असणार. सकाळी अमुक वाजता, दुपारी तमुक वाजता. वेळ लिहायची नाही असा हुकूम आहे."

"कुठलं आधीचं?"

"नाही आठवत. खरंच नाही." मग, "मला माहीत असतं तर खोडलं नसतं, असं नाही म्हणणार. खोडलंच असतं."

या माणसाला दोष देता येईना. मुलीचे पत्र त्याने माझ्यासमोर वाचले, दोनदा. शाईच्या बाटलीचे झाकण उघडले, आणि परत लावले.

तू रागावशील. तू एक ओझे माझ्याकडे दिलेस आणि ते मी मतदानाच्या आदल्या दिवशी आणून तुझ्या दारात ठेवले. रागाव. सोबत नियमांची छापील प्रत आहे. कलम अकराखाली रेघ मारली आहे: मतपेटी पडद्याआड असली पाहिजे, आणि मतदार सोडून कोणीही पाच हातांच्या आत असता कामा नये. तू मागितलेस तर पडदा त्यांना लावावाच लागेल. मागायला तोंड उघडावे लागेल, हे मला माहीत आहे. तेवढे मात्र मी तुझ्यासाठी करू शकत नाही.

माझे मत मी उद्या सकाळी घरी जाऊन देईन. काय देईन ते सांगणार नाही. तूही सांगू नकोस.

मावशी

*

छावणी फाटक, आवक नोंदवहीची नक्कल
शनिवार, ४ एप्रिल, दुपारी ३.२०

आणणार: मावशी, निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ.
घेणार: टपाल तपासनीस.
ज्याला द्यायचे: भाचा, रेडिओ दुरुस्ती विभाग, सध्या चौक बंदोबस्त.

१. मुखत्यारपत्र, एक, 'रद्द' शिक्क्यासह.
२. मतदान नियम, छापील, एक प्रत. कलम ११ अधोरेखित.
३. शिंप्याच्या मुलीचे हस्तलिखित, दोन पाने. तपासले. काही खोडले नाही.
४. 'रविवार' अशी नोंद असलेली पत्रे, दोन. मूळ लेखकास परत.
५. आणणारीचे पत्र, एक. तपासले. काही खोडले नाही.

तोंडी निरोप: विचारला. निरोप नाही, म्हणाल्या.